परीक्षा जर्मनीत, जागरण कर्वेनगरला

गोधडी | १९ जानेवारी, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. माझी लेक ऑक्टोबरपासून जर्मनीत, केम्निट्झला एमएस्सी करते. बी.ई. पुण्यातच झालं, घरून डबा नेऊन. त्याआधी ती चार दिवसांच्या सहलीपलीकडे कधी एकटी राहिलेली नाही. आता तिथली पहिली परीक्षा आली आहे. ९ फेब्रुवारीला सुरू, मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चार पेपर.

ती इथे असताना परीक्षा आली की अख्खं घर परीक्षेला बसायचं. टीव्ही बंद. रात्री दहाला मी तिच्या टेबलावर दुधाचा कप ठेवायचे, दोनला उठून खोलीतला दिवा चालू आहे का बघायचे. पेपरच्या दिवशी तिचे बाबा गाडीवर कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायचे. अभ्यासात आमचा काही हात नव्हता, तिचं गणित मला अकरावीपासूनच कळेनासं झालं होतं. पण आपण काहीतरी करतोय असं वाटायचं.

आता करायला हातात काही नाही. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. मी रात्री दहाला फोन करते तेव्हा तिथे साडेपाच वाजलेले, बाहेर मिट्ट काळोख आणि ती लायब्ररीत. फोन कट होतो, मेसेज येतो, "नंतर करते". ते नंतर म्हणजे आपले दीड-दोन. मी जागीच असते. मग बोलणं असं: जेवलीस का? हो. काय? ब्रेड. अभ्यास कसा चाललाय? चाललाय. आणि दोघी गप्प.

परवा संक्रांतीला मी तिळगुळाच्या ताटाचा फोटो पाठवला. उत्तर नाही. रात्री फोन आला आणि एकदम रडायला लागली. म्हणाली, "आई, रोज नको ना विचारूस अभ्यास कसा चाललाय. मलाच माहीत नाही कसा चाललाय." आपल्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला सत्राच्या मध्येच तीस गुणांची परीक्षा होऊन जाते, शेवटच्या पेपरला सत्तर उरतात. तिच्या चारपैकी तीन विषयांत सगळेच्या सगळे गुण शेवटच्या दीड-दोन तासांवर आहेत. चार महिन्यांत कुणी तिला विचारलंच नाही की तुला काय येतं, मग अंदाज यायचा कशावरून?

ज्यांची मुलं बाहेर आहेत किंवा जे स्वतः तिथे शिकताहेत, त्यांनी कृपया सांगा. या दिवसांत आईवडलांनी इथून काय करावं? फोन करावा की करू नये?

पर्वतीपायथा | २० जानेवारी, सकाळी ७.०५

ताई, आमचा मुलगा लीड्सला होता. आमच्याकडून झालेली चूक सांगतो, तुमच्याकडून होऊ नये म्हणून.

ब्रिटनमध्ये मास्टर्सला पास व्हायला साधारण ५० लागतात आणि ७० म्हणजे डिस्टिंक्शन. जानेवारीच्या पेपरात त्याला ६४ मिळाले. त्याने खुशीत फोन केला, आणि मी विचारलं, "बाकीचे कुठे गेले?" दहावीला ९४ टक्के मिळवलेला मुलगा, माझ्या डोक्यात तेच माप. पुढचे तीन आठवडे तो फक्त आईशी बोलला. मला ते आजही आठवतं.

जर्मनीत तर आकडे उलटे आहेत. १.० सर्वांत चांगला, ४.० पर्यंत पास, ५.० नापास. उद्या लेक "दोन पूर्णांक सात" म्हणाली तर तुमचा आवाज पडता कामा नये, म्हणून हे आधीच घोकून ठेवा.

ठेचाआणिब्रेड | २० जानेवारी, दुपारी १.४०

काकू, मी सदाशिव पेठेतला. जर्मनीतच आहे, तिसरं सत्र. माझेही पेपर तोंडावर आहेत, पण तुमचा धागा वाचून राहवलं नाही. थोडं मोठं लिहितो.

तिचा दिवस कसा जात असेल ते आधी सांगतो. या दिवसांत लायब्ररीत आठच्या आत पोचलं नाही तर जागा नाही. कोट आणि बॅग लॉकरमध्ये. आत न्यायचं ते लॅपटॉप, वह्या आणि पाण्याची बाटली. मी बसतो तिथे टेबलावर पुठ्ठ्याचं घड्याळ ठेवायचं असतं, इथे गाडी लावल्यावर काचेमागे ठेवतात तसलं. उठताना त्यावर वेळ लावायची. तासाभरात परतलो नाही तर कुणीही आपलं सामान बाजूला सारून बसू शकतं. पहिल्या परीक्षेत मी कॅन्टीनच्या रांगेत उभा राहून सारखा मनगटाकडे बघायचो. माझा दादा नारायण पेठेतल्या अभ्यासिकेत बसायचा. तिथे महिन्याचे पैसे भरले की खुर्ची त्याची. उशी, गणपतीचा फोटो, भिंतीला चिकटवलेलं वेळापत्रक, सगळं तिथेच. इथे जागा रोज नव्याने मिळवायची आणि रात्री रिकामी करून निघायचं. त्याने माणूस आतून दमतो, आणि ते फोनवर सांगता येत नाही. "चाललाय" एवढंच येतं तोंडातून.

आता कामाचं. एक, पेपरला बसायचं तर पोर्टलवर नाव नोंदवावं लागतं. मुदत बरीच आधी असते आणि वर्गात कुणी आठवण करत नाही. माझ्याबरोबरच्या एका मुलाची तारीख हुकली. चार महिने तासांना बसला, अभ्यास केला, आणि पेपरच्या दिवशी यादीत नाव नाही. तो हॉलबाहेर पायऱ्यांवर बसला होता, मला आत जावं लागलं. लेकीला एकदाच विचारा, नोंदणी झाल्याची पीडीएफ जपून ठेवली आहेस ना.

दोन, अंगात ताप असताना पेपर द्यायचा नाही. आपल्याकडे सलाइन लावून पेपर दिल्याचं कौतुक होतं. इथे डॉक्टरचा दाखला परीक्षा विभागाकडे वेळेत पोचला तर तो प्रयत्न धरत नाहीत. पेपर देऊन बसलं की मग आजारपण सहसा ऐकून घेत नाहीत. आणि प्रयत्न मोजकेच, बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीन. तिसऱ्यांदाही गेला तर तो अभ्यासक्रम सोडावा लागतो आणि जर्मनीत दुसऱ्या विद्यापीठातही तोच अभ्यासक्रम करता येत नाही.

तीन, खाणं. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच सामान आणून ठेवायला सांगा. माझ्या मजल्यावर चौदा जणांत एक स्वयंपाकघर आहे. गेल्या वर्षी पेपरच्या आदल्या रात्री मिरचीची फोडणी दिली आणि धुराचा अलार्म वाजला. सगळी इमारत खाली, बर्फात, ब्लँकेटं गुंडाळून. त्यांतल्या कितीतरी जणांचा सकाळी पेपर होता. मी दुसऱ्या दिवशी दारोदार जाऊन माफी मागितली. बहुतेकांनी समजून घेतलं, पण मला अजून वाईट वाटतं. त्यामुळे परीक्षेत आम्ही ब्रेडच खातो, काकू. आळस म्हणून नाही.

आणि फोनचं. मला "अभ्यास" हा शब्दच नको असायचा. घरातलं ऐकायचं असायचं. आज पाणी किती वाजता गेलं, खालच्या किराणावाल्याने दुकान रंगवलं का, असलं. आईला वाटायचं यात सांगण्यासारखं काय आहे. मला तेवढंच हवं असायचं.

गोधडी | २० जानेवारी, दुपारी ३.१५

इतकं सविस्तर लिहिलंस, मनापासून आभार. तू म्हटलं तर चालेल ना? नोंदणीचं विचारलं. झाली आहे, चारही विषयांची. पण तीन प्रयत्नांचं वाचून पोटात गोळा आला. हे तिने आम्हाला सांगितलंच नव्हतं.

ठेचाआणिब्रेड | २० जानेवारी, रात्री ११.५५

तूच म्हणा काकू.

घाबरू नका. पहिल्या सत्रात एखादा पेपर जाणं इथे खूप जणांचं होतं. माझाही गेला. दुसऱ्या वेळी २.३ मिळाला. निकालानंतर आपला तपासलेला पेपर बघायला देतात, त्या दिवशी नक्की जायला सांगा. मला तिथेच कळलं की उत्तर बरोबर असून पायऱ्या न दाखवल्याने गुण गेले होते.

मी मात्र तो नापास घरी पाच महिने सांगितला नव्हता. व्हिसासाठी एका वर्षाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून ठेवावे लागतात आणि त्यांतले महिन्याला ९९२ हाती येतात, हे तुम्हाला ठाऊकच असेल. त्यासाठी बाबांनी एफडी मोडली होती. दर महिन्याला पैसे आल्याचा मेसेज आला की मला ती एफडी आठवायची. बाबा एका शब्दाने बोलले नव्हते कधी. तरी नाही सांगता आलं. तिने प्रयत्नांचं सांगितलं नाही त्यात लपवाछपवी नसेल, तुम्ही जागून काढाल हे तिला माहीत असेल.

लक्ष्मीरस्ता | २२ जानेवारी, दुपारी १२.३०

गोधडीताई, पार्सल पाठवणार असाल तर आधी एक लक्षात घ्या. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून खासगी पार्सलने दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. पेढे, बर्फी, तूप पाठवू नका, अडकतं. तूप तिथल्या भारतीय दुकानातून घेऊ दे. दुसरं, घरच्या माणसाने पाठवलेल्या भेटवस्तूला ४५ युरोपर्यंत कर लागत नाही, म्हणून आत काय आहे आणि किती किमतीचं, ते खरं आणि स्पष्ट लिहा. नुसतं "खाऊ" लिहिलेलं आमचं पार्सल दोन आठवडे पडून होतं.

मी भाचीला मेतकूट, भाजणी, कोरडी लसणाची चटणी आणि भाजलेल्या तिळाचं कूट पाठवते. मेतकूट-भाताला फोडणी लागत नाही, म्हणजे वर लिहिलंय त्या अलार्मचीही भीती नाही. भात शिजायला लागतो तेवढाच वेळ. तिळगूळही घाला, पोरांना आपल्या घरचाच हवा असतो.

मुळाकाठ | २३ जानेवारी, सकाळी ९.१०

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. मुलं बावीस-तेवीस वर्षांची आहेत. आपण त्यांना शिकायला पाठवतो ते स्वतःच्या पायावर उभं राहायलाही. नोंदणी केलीस का, शनिवारी सामान आणलंस का, हे आपण पुण्यातून विचारत राहिलो तर ती शिकणार कधी? मी १९९१ मध्ये अमेरिकेत होतो. महिन्यातून एक फोन परवडायचा, तोही घाईघाईत. पत्र पोचायला दोन आठवडे. परीक्षा झाल्या आणि पासही झालो. थोडं सोडून द्यायला हवं.

अंगणातलीतुळस | २३ जानेवारी, रात्री ८.४५

मुळाकाठ, तुमचं म्हणणं अर्धं पटलं. नोंदणी आणि सामान त्यांचं त्यांनी बघावं. पण एकटं पडलेलं मूल मी अगदी जवळून पाहिलं आहे, आणि तेही आपल्या पुण्यात.

आम्ही कोथरूडला. वरच्या खोलीत दोन वर्षं टांझानियाची मुलगी भाड्याने राहत होती, बीबीए करत होती. परदेशी भाडेकरू आला की चोवीस तासांत घरमालकाने सरकारला ऑनलाइन कळवायचं असतं, तेवढीच आमची तिची ओळख. पहिले सहा महिने जाता-येता हसण्यापलीकडे काही नाही. एप्रिलमध्ये तिची परीक्षा आली. उन्हाळा असा की वरची गच्ची संध्याकाळी सातलाही तापलेली. दोन दिवस तिच्या चपला दाराबाहेर तशाच दिसल्या म्हणून वर गेले. ताप होता. कुणालाच सांगितलं नव्हतं. खिडकीला ओली चादर बांधून, जमिनीवर पुस्तकं पसरून बसली होती.

त्यानंतर ती आमच्या जिन्याखालच्या खोलीत अभ्यासाला बसायला लागली. मी तिला काही शिकवलं नाही, फारसं बोललेही नाही. दुपारी ताक ठेवायचे. त्यांच्याकडे मोठ्या माणसाला "शिकामू" म्हणतात आणि आपण "मराहाबा" म्हणायचं, हे तिने मला शिकवलं. पेपरच्या दिवशी सकाळी नऊला ती खाली यायची. शिकामू. मराहाबा. मी हातावर दहीसाखर ठेवायचे. पहिल्या दिवशी तिने विचारलं हे काय, मी सांगितलं. दुसऱ्या पेपरला तिने फोन लावूनच आणला, त्यात तिची आई. तिकडे सकाळचे साडेसहा. त्या बाईंना मराठी नाही, मला स्वाहिली नाही. त्यांनी दोन्ही हात जोडले, मीही जोडले. मग रोज पेपरआधी त्या फोनवर हजर असायच्या.

तिचा एक पेपर पुढे गेला आणि तेवढ्यात व्हिसाची मुदत संपत आली. मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन करायचा असतो, पण त्याला कॉलेजचं बोनाफाइड लागतं, आणि तिच्या कॉलेजच्या ऑफिसने ते द्यायला आठ दिवस फिरवलं. काउंटरसमोरच्या बाकावर बसून तिने अकाउंट्सची उदाहरणं सोडवली. मी दोनदा बरोबर गेले होते. आपल्या शहरात आलेल्या पोरीला असं बसलेलं बघून मला लाज वाटली.

आपल्याच गावात हे एका माणसाने फार पूर्वी पाहिलं होतं. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार वसतिगृहाचं काम बघत होते. एक मुलगी मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून काहीतरी आत देताना त्यांना दिसली. चौकशी केली तर आतला मुलगा मॉरिशसचा, कावीळ झालेला, आणि ती त्याची बहीण. मुलींना आत जायला परवानगी नाही म्हणून खिडकीतून जेवण देत होती. परदेशी मुलांना इथे आपलं असं काही हवं, या विचारातून त्यांनी १९७१ मध्ये सिंबायोसिस उभं केलं. आपल्याला एवढं मोठं काही जमणार नाही. पण ज्यांच्या वरच्या मजल्यावर अशी मुलं राहतात, त्यांनी एप्रिलमध्ये एकदा वर जाऊन यावं.

मुळाकाठ | २३ जानेवारी, रात्री १०.२०

तुळसताई, वाचून बराच वेळ गप्प बसलो. महिन्यातून एक फोन लिहिलं खरं, पण तिथे शेजारच्या गुजराती कुटुंबात मी दर रविवारी जेवायला जात होतो. ते लिहायचं राहिलं. तेही लिहायला हवं होतं.

गोधडी | १५ फेब्रुवारी, रात्री १०.५०

सगळ्यांना काय झालं ते सांगायचं होतं, उशीर झाला.

पार्सल ५ तारखेला पोचलं. मेतकूट, चटणी, तिळगूळ, सगळं नीट. पण सांगायचं आहे ते वेगळंच.

३ तारखेला संध्याकाळी सातला तिचा फोन आला. तिथे अडीच. मी पोळ्या करत होते, हात कणकेचे. कोपराने फोन उचलला, ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि म्हटलं, बोल ग. तर म्हणाली, "काही नाही, तू कर पोळ्या." आणि वहीत डोकं घातलं. मला आधी कळेना. अभ्यासाचं विचारायचं नाही हे पक्कं ठरवलं होतं, आणि दुसरं काही सुचेना. मग मी आपली लाटत राहिले.

आमच्या पोळपाटाचा एक पाय झिजला आहे. लाटताना टकटक वाजतो. ती बारावीत असल्यापासून कुरकुरायची, आई हा पोळपाट बदल, मला आवाजाचा त्रास होतो. सातवी-आठवी पोळी असेल, तिने मान वर न करता विचारलं, "तो पोळपाट अजून तसाच आहे?" म्हटलं हो. "बरं," म्हणाली आणि पान उलटलं.

पाऊण तास फोन चालू होता. त्यात तीनच वाक्यं बोलली. शेवटी म्हणाली, "आज एक पूर्ण प्रकरण झालं. उद्या पण ठेवशील?"

तेव्हापासून रोज. ती सकाळी लायब्ररीत बसते, जेवून खोलीवर येते आणि फोन लावते. इकडे कुकरच्या शिट्ट्या, भाजी चिरणं, खालची भांडणं. परवा तिचे बाबाही वर्तमानपत्र घेऊन ओट्याजवळ खुर्ची टाकून बसले, उगाचच. गुरुवारी लाइट गेली तेव्हा वायफाय बंद, तर मी मोबाइलचा डेटा लावून अंधारात मेणबत्तीपाशी मटार सोलले. तिला माझा चेहराही दिसत नसेल. तिने फोन ठेवला नाही.

पहिला पेपर ९ तारखेला झाला. कसा गेला ते मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, दोन प्रश्न पूर्ण सुटले, एक अर्धा. विद्यार्थी ओळखपत्र आणि पासपोर्ट बाकावर ठेवून बसायचं असतं म्हणे, आणि पासपोर्टच्या कव्हरात तिने मी दिलेला अंगारा ठेवला होता.

अंगणातलीतुळस | १६ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

दोनदा वाचलं. सुखी राहा दोघी.

गोधडी | ७ मार्च, रात्री ९.३०

संपली परीक्षा. तीन पेपर दिले, एक नाही दिला. २४ तारखेला तिला सणकून ताप भरला. दुसऱ्या दिवशी तिसरा पेपर. ती म्हणत होती जातेच, इतका अभ्यास झालाय. मी तिला ठेचाआणिब्रेडचा तो परिच्छेद जसाच्या तसा पाठवला. मैत्रिणीने डॉक्टरकडे नेलं, दाखला त्याच दिवशी परीक्षा विभागाकडे गेला. तो पेपर आता पुढच्या सत्रात. आधीची मी असते तर म्हणाले असते, गोळी घे आणि जाऊन ये.

निकाल यायला वेळ आहे. फोन अजूनही सातला येतो. काल तिने आमटी केली, मी इकडून बघत होते. तेल तापत असताना मीच ओरडले, खिडकी उघड आधी!

ठेचाआणिब्रेड, तुझे पेपर कसे झाले ते मी विचारत नाही. पुण्याला कधी येतोस तेवढं सांग. एक दिवस कर्वेनगरला जेवायला ये.

ठेचाआणिब्रेड | ८ मार्च, रात्री १२.१५

काकू, माझा शेवटचा २० तारखेला आहे. एप्रिलमध्ये दोन आठवडे घरी येतोय, नक्की येतो. तोपर्यंत पोळपाट बदलू नका.